नागीण कानात उतरते तेव्हा

आधी नुसता कान ठणकला.
निकासिओला वाटलं, समुद्राचा वारा भरला असेल,
म्हणून कोमट तेलाचे दोन थेंब, कापसाचा बोळा,
आणि शेळ्या घेऊन नेहमीसारखा वर.

चौथ्या दिवशी कानात, अगदी भोकाच्या तोंडाशी
मोहरीएवढे फोड, पाण्याने टचटचलेले.
सहाव्या दिवशी सकाळची कॉफी
ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर.
आरशात अर्धा माणूस होता तसाच,
अर्ध्याची दोरी कुणीतरी सोडून दिलेली.

आपण हिला नागीण म्हणतो.
गोमेरा बेटावरही तिला छोट्या सापाचंच नाव,
कुठल्या समुद्राने कुठल्या समुद्राला सांगितलं कोण जाणे.
सातव्या वर्षी अंगभर आलेल्या कांजिण्या
गेल्याच नव्हत्या म्हणे;
चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी वेटोळं करून
एकसष्ट वर्षं पडून होत्या.
हे सांगताना सान सेबास्तियानची तरुण डॉक्टर
त्याच्या न मिटणाऱ्या डोळ्याकडे बघत होती.
"तीन दिवसांत यायला हवं होतं."
गोळ्या दिल्या, डोळ्याचे थेंब,
रात्री पापणीला लावायची चिकटपट्टी.
"चेहरा येईल बराचसा. कानाचं सांगता येत नाही."

शिट्टीचं त्याने विचारलंच नाही.

तिथे शिट्टी म्हणजे बोलणं.
दरी एवढी की पलीकडच्या घरी जायला अर्धा दिवस,
म्हणून हाक, निरोप, भांडण, मयताची बातमी,
सगळं तोंडात बोट मुडपून, ओठ ताणून.
पलीकडे बहीण बेनिग्ना.
चाळीस वर्षं रोज तिन्हीसांजेला
ती विचारते, जेवलास का.
तो सांगतो, जेवलो.
(कधी कधी जेवलेला नसतो.)

पाच आठवडे भाचाच फोनवर सांगत राहिला,
मामा बरा आहे.

मग एका संध्याकाळी
ताडाच्या पाकाची गोडी जिभेला पुसटशी कळली,
त्या भरात तो अंगणाच्या कडेला गेला,
ओघळलेला गाल तळहाताने वर उचलून धरला
आणि फुंकलं.
निघाली ती बरीचशी हवाच,
मधोमध एक चिरका धागा.

दरी गप्प.
शेळीने मान वर करून पाहिलं, परत चरायला लागली.
मग बेनिग्नाची शिट्टी, स्वच्छ, जरा वैतागलेली:
कोण आहे रे तिकडे, माझ्या भावाच्या अंगणात?

तो हसला, जेवढं हसता आलं तेवढं,
आणि आवाज कुठून आला ते एकाच कानाने शोधत
चुकीच्या डोंगराकडे वळला.