तिसरी पाळी

लक्ष्मी रोडला, गुंदेचांच्या चष्म्याच्या दुकानात
मी दिवसभर निळा उजेड अडवते.
ड्रॉवरमध्ये पेनाएवढी टॉर्च आहे, कंपनीनं दिलेली,
आणि एक पांढरं कार्ड.
साध्या काचेतून निळा ठिपका कार्डावर पडतो,
'ब्लू कट'मधून पडत नाही.
गिऱ्हाईक म्हणतं, अरे वा.
त्या अरे वाचे साडेआठशे जास्त.

परवा नवी पेठेतल्या अभ्यासिकेतला एक मुलगा आला,
डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखी.
मॅडम, ह्यानं झोप येईल ना?
मी म्हटलं, फरक पडतो.
किती, ते त्यानं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

मेंदूला निळा उजेड म्हणजे सकाळ वाटते,
ट्रेनिंगला आलेला माणूस म्हणाला होता.
घड्याळात कितीही वाजू देत,
तो आपला दार उघडून बसतो
दूधवाल्याची वाट बघत.

मला ह्यात नवीन काही नव्हतं.
वडील पिंपरीला कारखान्यात, कायम तिसऱ्या पाळीला.
सकाळी आठला यायचे, अंगाला ग्रीसचा वास.
चहा, आंघोळ,
आणि आई खिडकीच्या चौकटीतल्या चार खिळ्यांना
घोंगडं अडकवायची.
भर दुपारी आमच्या घरात रात्र.
आम्ही कुजबुजत भांडायचो,
कुकरची शिट्टी आई चमच्यानं उचलून धरायची,
आणि घोंगड्याच्या एका भोकातून
सुईएवढं ऊन वडिलांच्या पायावर सरकत राहायचं,
अंगठ्यावरून घोट्याकडे.
डोळ्यांपर्यंत कधी पोचलं नाही.
आई त्याच्यावर लक्ष ठेवून असायची.

आता धायरीला, सातव्या मजल्यावर,
तीन वाजून दहा मिनिटं.
यतीन पाठ करून झोपलाय, की नुसता पडलाय;
त्याच्या बाजूच्या भिंतीवर उजेड हलतोय.
मी चादरीच्या आत.
नाकावर 'ब्लू कट', स्टाफ डिस्काउंटमधला.
एक बाई दुधीच्या सालीची चटणी करतेय, आवाज बंद.
मग कुठल्यातरी शहरातल्या पुरात कोणीतरी गाडी ढकलतंय.
मग परत चटणी.

आणि बोट सहज वर जातं.
बाबा.
नावाखाली: ऑनलाइन.

चिंचवडला, त्याच दोन खोल्यांत.
आई जाऊन दोन वर्षं झाली.
रोज सकाळी मी फोनवर विचारते, झोप लागली का?
ते म्हणतात, मस्त. तुला?
मी म्हणते, मस्त.
पंचवीस-तीस किलोमीटरच्या दोन टोकांना
दोन मस्त झोपलेली माणसं.

लिहिते: झोपला नाहीत?
खोडते.
लिहिते: बाबा
खोडते.
तेवढ्यात त्यांचंच येतं:
'मघापासून टायपिंग टायपिंग दाखवतंय.
काय ते लिही, नाहीतर झोप.'

हसू येतं. मग येत नाही.

विचारते, खिडकीचे ते चार खिळे आहेत का अजून?
बराच वेळ काही नाही.
उठले असणार. चपला शोधल्या असणार, दिवा लावला असणार.
मग: 'तीन आहेत.'
मग: 'घोंगडं पण आहे, माळ्यावर.
पण उजेड आता बाहेरून येतो कुठे.'

ह्यावर काय लिहायचं असतं.
ठेवते, म्हणते. रविवारी येते.
ते एक पिवळा अंगठा पाठवतात.

फोन उशीखाली, पालथा.
डोळे मिटले तरी पापणीच्या आत
एक चौकोन राहतोच, कडेनं निळसर,
कुठल्याच खिळ्याला न अडकणारा.

थोड्या वेळानं राहवत नाही.
बाबा. शेवटचं पाहिलं: तीन बेचाळीस.
मी ठेवला तो तीन एक्केचाळीसला.
म्हणजे एक मिनिट ते थांबले होते,
मी खरंच गेले का बघत.

आता माझ्या नावाखाली
तीन सत्तावन्न.