हौसेला मोल

हौसेला मोल नसतं, हे ऐकत मोठी झाले
आणि पोटासाठी नेमकी तीच नोकरी मिळाली:
लेक लिंडनच्या पतपेढीत, दाराजवळच्या टेबलावर,
हौसेचं मोल काढायचं.
साठ हप्त्यांत.

डेल हॉटाला आला तेव्हा त्याच्या बुटांवरचा बर्फ
माझ्या चटईवर वितळत राहिला.
हातात चकचकीत पत्रक. नवी स्नोमोबिल:
गरम मुठी, गरम सीट, पुढे टीव्हीएवढा पडदा.
साडेअठरा हजार. कर वेगळा.
"चौऱ्याण्णवला पिवळी घेतली होती," तो म्हणाला,
"बेचाळीसशेला. रोख. दोन हिवाळे लाकूड तोडून."
मग पत्रक उलटंसुलटं करत,
"या पडद्याचं मी काय करू?
समोर झाडं असतात. ती दिसतात मला."

मी आकडे टाकत गेले.
महिन्याला चारशे सात. त्यावर विमा.
ट्रेलचा परवाना, दर खेपेला थोडा चढलेला.
पेट्रोल, तेल, तुटणारा पट्टा,
आणि सगळ्यात महागडी रक्कम, जिला माझ्या फॉर्मात रकानाच नाही:
न पडलेला बर्फ.
गेल्या हिवाळ्यात ट्रेल अकरा दिवस उघडी होती.
मी अकराने भागलं. सवयच ती.
एका दिवसाचा आकडा आला,
तो त्याला दिसायच्या आत पुसला.

त्याचं लक्षच नव्हतं. तो खिडकीतून पाहत होता
शिकागोकडून आलेले ट्रेलर,
एकेकावर चार-चार यंत्रं, प्लास्टिकही न काढलेली.

माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात
त्याच्या व्हर्नाने मला स्वतःचं हेल्मेट चढवलं,
पिवळीवर मागे बसवलं.
गोठलेल्या तळ्यावर त्याने जो काही वेग घेतला,
मी ओरडले, आई गं!
त्याला वाटलं, आमच्या भाषेत याचा अर्थ
अजून जोरात.
त्या दिवसाचे त्याने काही घेतले नाहीत.
व्हर्नाने उलट मटाराचं सूप पाजलं.

"नको," डेल म्हणाला. पत्रकाची चौपदरी घडी केली,
खिशात ठेवता ठेवता थांबला,
माझ्याच केराच्या टोपलीत टाकली.
"तुझी सकाळ खाल्ली उगाच."
एप्रिलमध्ये पिवळीही गेली.
तिचा एक सुटा भाग तिच्यापेक्षा महाग झाला होता.
घेणाऱ्याने ती हॉटेलच्या दारात उभी केलीय,
शोभेला. तिच्यावर लोक फोटो काढतात.

मला वाटलं, संपलं.

जानेवारी. रात्रीचे दोन.
घरामागून घरघर आली, जड, संथ,
चालत्या माणसाच्या वेगाची.
ट्रेलवरचा बर्फ दाबून सपाट करणारं क्लबचं यंत्र,
आणि केबिनमध्ये, थर्मास मांडीत घेऊन, डेल.
पगार नाही. विचारलं होतं मी नंतर.
"रात्री बर्फ घट्ट बसतो," एवढंच बोलला,
जणू मी वेळेचंच विचारलं होतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मीच सांगते ते, रोज, टेबलाच्या या बाजूने,
सभ्य इंग्रजीत, व्याजदरासकट.
आणि हा एकसष्ट वर्षांचा माणूस
रात्रभर अंथरूण घालत निघालाय,
मैलच्या मैल, एक सुरकुती राहू न देता.
पाय दुसऱ्यांचे.
सकाळी नवाच्या आत ते सगळं विस्कटून टाकतील,
आणि तो तेव्हा झोपलेला असेल.

त्याचा दिवा माझ्या भिंतीवरून सरकत गेला,
कपाट, कॅलेंडर, पुन्हा अंधार.
मी पडून राहिले.
याचं मोल काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
पांघरुणाखाली बोटं तरी
हलत होती.