मोकळं

एकोणीस वर्षं मी छपरावर उभी होते,
प्रेक्षकांच्याही वर, जिथं वारा टोपी टिकू देत नाही.
गळ्यात दुर्बीण, ओठांशी माइक,
आणि खाली माझा भाऊ,
हॉलिस ट्रेडवे, गाडी नंबर अडुसष्ट.
त्याची मान पट्ट्यांनी जखडलेली, खिडकीला जाळी.
त्याला बाजूचं दिसत नसे.
त्याची बाजू म्हणजे मी.

"आत एक आहे. अजून आत. दाराशी. मागच्या चाकाशी. मोकळं."
एवढीच भाषा, रविवारचे चार तास.

सुरुवात उत्तर कॅरोलायनात, डोंगराच्या पायथ्याशी,
तांबड्या मातीच्या ट्रॅकवर.
वडिलांची शेवरले, दारं वेल्डिंगनं बंद केलेली,
बॉनेटवर कोंबडीखाद्याची जाहिरात, घरच्याच ब्रशनं रंगवलेली.
पहिलं बक्षीस एकशे वीस डॉलर आणि एक हॅम.
ते आम्ही नाताळपर्यंत पुरवून खाल्लं.

मग डांबरी ट्रॅक आले, छातीवर मोटार ऑइल आलं,
दंडावर एका बँकेचं नाव.
बँक बुडाली तेव्हा आईनं ते धाग्याधाग्यानं उसवलं.
खाली गर्द निळा चौकोन निघाला,
ऊन न लागलेला.

चारशे बारा शर्यती. जिंकला एक.
लोक माणसामाणसांत डावं-उजवं करतात,
याला फक्त डावंच ठाऊक.
पाचशे मैल डावीकडे वळत
निघाला तिथंच येऊन थांबायचा,
चार किलो घटलेला, टाचा भाजलेल्या.

तो एक विजय मला नीट आठवत नाही.
आठवतं ते तिसरं वळण, चौऱ्याण्णवावी फेरी.
सूर्य डोळ्यांवर होता, असं मी टीमला सांगितलं.
सूर्य पाठीमागे होता.
मी कॉफीचा कप कठड्यावर ठेवत होते
आणि म्हणाले, "मोकळं."

भिंतीचा आवाज छपरावर उशिरा पोचतो.
आधी नुसता धूर दिसतो, गप्प.
मग रेडिओवर त्याचा श्वास,
मग, "नेल्डा, ठीक आहे गं,"
जणू आपटले होते मीच.

त्यानं कधी विचारलं नाही.
पुढची सात वर्षं
माझ्याच शब्दावर गाडी घालत राहिला.

निवृत्ती वगैरे त्यानं घेतली नाही.
एका हिवाळ्यात फोन यायचे थांबले, इतकंच.

परवा हार्डवेअरच्या दुकानामागे
कुंपणाची तार भरून तो पिकअप मागे घेत होता.
उजवा खांदा वळत नाही, मान त्याहून नाही.
काच खाली करून म्हणाला, "बघ गं जरा."

मी चालत मागे गेले.
डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.
वाकून चाकाखाली पाहिलं,
तिथं एक मांजर होतं, करडं, आळसावलेलं.
ते उठेस्तोवर उभी राहिले.
इंजिन चालूच होतं, त्यानं हॉर्न दिला नाही.
मांजर गेलं.

मग मी परत एकदा पाहिलं.