उद्या सव्वादहाला

उद्या सव्वादहाला केमिस्ट्री.
मजगावच्या खोलीत पंखा दोनावर फिरतोय,
वहीची पानं उडू नयेत म्हणून शिवलीलाने वर
बाबांच्या कारखान्यातला वाया गेलेला नळ ठेवलाय,
निम्मा चकचकीत, निम्मा पितळी.

सोल्युशन्स झालं.
कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं
एवढं ध्यानात ठेवलं की ऑस्मोसिस सुटतं.
मग रेट. फर्स्ट ऑर्डरची हाफ लाइफ
सुरुवातीला किती घेतलंस त्यावर नसतेच,
बादलीभर घे नाहीतर वाटीभर.
शिवलीला म्हणते, हे पाठ आहे पण पटत नाही.
न पटू दे, तीन मार्कांचं आहे.

दहावीपर्यंत मी प्राणवायू म्हणत आले,
ती सवदत्तीच्या शाळेत आम्लजनक.
माझा नत्र, तिचा सारजनक.
माझा हायड्रोजन नुसताच हायड्रोजन,
तिचा जलजनक, पाण्याला जन्म देणारा.
पीयूत आल्यावर कणबर्गी मॅडमनी
पहिल्याच तासाला दोघींची नावं फळ्यावरून पुसली,
डस्टर न झटकता.
सहा महिने एका बाकावर
आम्ही सारख्याच मुक्या.
मग एकदा तिनं विचारलं,
तुमच्यात ऑक्सिजनला काय म्हणतात गं?

एसएन-टू: मागच्या वळिवात आरपीडी क्रॉसवर
तिची छत्री उलटली होती, तसा रेणू उलटतो.
काड्या त्याच, तोंड पलीकडे.
टॉलेन्स: परीक्षानळीत चांदीचा आरसा.
त्यात मी बट नीट केली होती
आणि मॅडमची बोलणी खाल्ली होती.
ती टेस्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

साडेनवाला बाबा उद्यमबागेतनं येतात.
बोटांवर पांढरे गोल व्रण, क्रोमचे, जुने.
"काय वाचूलैस गे?"
इलेक्ट्रोकेमिस्ट्री.
"म्हंजे?"
तुमचंच काम, बाबा.

ते हसतात, तांब्या घेऊन उंबऱ्यावर टेकतात.
मी गणित मोठ्यानं वाचते:
पन्नास अँपिअर, एक तास, निकेल किती बसेल?
पन्नास गुणिले छत्तीसशे,
भागिले दोन फॅरडे,
गुणिले अठ्ठावन्न पॉइंट सात.
चोपन्न पॉइंट सात ग्रॅम. खाली दोन रेघा.

बाबा तांब्या तोंडापासून बाजूला घेतात.
"बावन्न."
नाही बाबा, चोपन्न पॉइंट सात.
"बावन्नच भरतंय. एकवीस वर्सं तोलूलोय."
मग उरलेलं कुठं जातं?
"बुडबुडे निघतात की जॉबला धरून.
थोडा करंट ते खातात."

शिवलीला वहीतनं मान न काढता पुटपुटते,
जलजनक.
"व्हय, तेच," बाबा म्हणतात,
"आमचा फोरमन बी तेच म्हणतोय."

त्यांना हा शब्द माहीत होता.
एकवीस वर्षं.
मीच कधी विचारलं नव्हतं.

पेपरात चोपन्न पॉइंट सातच लिहायचं,
तपासणाऱ्याकडे बुडबुड्यांना मार्क नसतात.
तरी मी समासात पेन्सिलनं
बारीक बावन्न लिहून ठेवते.

शिवलीला पान उलटते. डी-ब्लॉक.
क्रोमियमचे रंग सांग, झोपू नको.
मी डोळे मिटून सांगते:
अधिक सहा, नारिंगी.
अधिक तीन, हिरवा.
न्हाणीत बाबा दुसऱ्यांदा साबण लावतायत,
दाराला त्यांचा शर्ट टांगलाय,
बाहीवरचा डाग परवा नारिंगी होता,
आता कडेनं हिरवा पडत चाललाय.

हे दोन मार्क माझे पक्के.