पुलाच्या पुढचं

इलाहीभाई बागवानच्या पार्लरला दार नव्हतं, गोणपाट होतं.
आत तीन मशिनी, एकीची काच तडकलेली,
आणि मधल्या पेटीत तो लाल घोडेस्वार,
एका रुपयात पावणेतीन मिनिटं जगणारा.

पेटीला पोट होतं, पोटाला कुलूप,
किल्ली इलाहीभाईच्या बनियनच्या खिशात.
म्हणून पुलावरचा राक्षस तसा होता.
त्याचा आमच्यावर राग नव्हता,
त्याला दिवसाचा गल्ला पुरा करायचा होता,
अम्माला हजार विड्या पुऱ्या करायच्या असत, तसा.

पूल ओलांडायचा एकटा अंबादास येमूल.
आम्ही मागे श्वास धरून,
कुणाच्या तरी हातात अर्धं भजं तसंच.
आणि पलीकडे काय?
काळा पडदा, जपानीत दोन ओळी,
की पुन्हा रुपया मागणारा लुकलुकता बाण.
“संपलं बे,” अंबादास म्हणायचा, राजासारखा.

अक्का गोणपाटाबाहेर उभी,
डोक्यावर विडीच्या पानांचा गठ्ठा, मला हाक मारायला आलेली.
पोरींनी आत यायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.
लिहायची गरजच नव्हती.

नानांना बोनस मिळाला त्या वर्षी
मंगळवार बाजारातून आला राखाडी डबा, पिवळी कॅसेट.
तोच घोडेस्वार, पण विटका. घोडा आखूड.
पेटीतला पाऊस इथं पडतच नव्हता,
आवाज डबड्यात खडे हलवल्यासारखा.
मी नाक मुरडलं.
आहेरात आलेल्या चादरीचंही लेबल
उलटून बघणारं आमचं गाव,
नक्कल मला कळत होती.

अक्का मात्र खेळली.
मांडीवरचं सूप बाजूला सारून,
तंबाखूचा वास मुरलेल्या बोटांनी,
ज्या बोटांना विडीचं तोंड दुमडायला क्षण लागत नसे.
मेली. परत सुरू. मेली. परत.
कुणी रुपया मागितला नाही.
“हे मारत नाही रे,” ती म्हणाली, “हे शिकवलालंय.”

प्रत्येक टप्प्यानंतर आठ अक्षरं दिसायची.
नाना मागावरून जेकार्डचे बाद पुठ्ठे आणत,
भोकं चुकवत अक्का त्यावर ती अक्षरं उतरवी.
भोकांत कुठल्या तरी चादरीचा मोर,
मधल्या जागेत आमचा प्रवास.
लाइट गेली तर गेली.

गड्ड्यातले पाळणे उतरले त्या आठवड्यात
तिनं राक्षस पाडला.
पडदा काळा झाला. मी झोपायला उठलो.
“थांब.”

नदी.
एक नाव, मग घाट, मग खिडक्यांत दिवे असलेलं गाव.
घोडा खाली वाकून पाणी पिऊ लागला.
मारायला कुणीच येईना.
खडे हलवल्यासारख्या त्याच आवाजात
एक नवीच चाल, पेटीला कधी न सुचलेली.

रंग काढून घेतल्यावर, पाऊस काढून घेतल्यावर
उरलेल्या एवढ्याशा जागेत
कुणीतरी, कुठल्या तरी ऑफिसात रात्री जागून,
गाव वसवून ठेवलं होतं,
ज्याला घरी जायची घाई नाही अशासाठी.
नाही, चुकलं,
जो घरीच बसलाय, अशासाठी.

विडी वळता वळता अम्मानं तेलुगूत विचारलं,
कुठलं गाव हे?
आम्हाला सांगता येईना.

परवा अक्कलकोट रोडच्या एका गोडाऊनमध्ये
ती पेटी दिसली. मालकाच्या नातवानं पिन लावून दिली.
काय रंग होते! पाऊस तिरका, घोड्याची आयाळ ओली.
चौथ्या रुपयाला मी पूल ओलांडला.
काळा पडदा. दोन ओळी. बाण.

सिरसिल्ल्याला अक्काला फोन लावला.
“इथं गाव नाहीये.”
“नीट बघ. डावीकडं जा.”
“डावीकडं जाताच येत नाही, अक्का.”
ती जरा वेळ गप्प. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“मग डुप्लिकेट असंल ते,” ती म्हणाली.
“कुणी गंडवलं रे तुला?”