दार लाव

गाडी शालन चालवणार. मला येत नाही.
मी बाजूला बसून ऐकणार फक्त.
चाळीस वर्षं पेट्यांचे सूर लावतोय,
वेंगुर्ल्यापासून आचऱ्यापर्यंत
ज्याच्या पेटीत माझी कानस फिरली नाही
असा भजनी बुवा दाखवा.

कुडाळला हायवेच्या कडेला, जुन्या गाड्यांच्या आवारात
तीन उभ्या होत्या. सगळ्या छोट्या, आखूड नाकाच्या:
एक जर्मन, एक इटालियन, एक फ्रेंच.
नेरूरकरांचा ओंकार म्हणाला, "काका, मायलेज विचारा ना."
मी म्हटलं, आधी दार लाव.

जर्मनचं दार: धप्प.
काळी एकच्या जरा खाली, आणि मागे काही रेंगाळत नाही.
इटालियनचं दोनदा लागतं,
एकदा लागल्यासारखं, मग खरोखर.
फ्रेंचचं लागलं की नाही
ते वाकून बघावं लागतं.

तशी ही मंडळी मला परकी नाहीत.
आमच्या धंद्यात अजून म्हणतात जर्मन सूर, पॅरिसचा सूर.
डबलबारीला बुवा जर्मन मागतात, कर्णा फाडून जाणारा;
घरी, रात्री एकट्यानं वाजवायला, पॅरिस.
बोटीतून आलेलं ते पितळ इथल्या खाऱ्या हवेत हिरवं पडलं,
मी खरवडून खरवडून
पुन्हा कुणाकुणाच्या गळ्याला आणून लावलं.
भैरवी काय असते, त्याला आधी कुठे ठाऊक होतं?

शालनचं वेगळंच.
तिनं सीट पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, मग उशी मागितली.
ओंकारकडे उशी नव्हती. त्यानं हेल्मेटची पिशवी दिली.
चपला काढून तिनं अनवाणी पायानं क्लच दाबला,
मी भाता दाबून बघतो तसा:
धरतो कुठे, सोडतो कुठे.

मठच्या चढावर जर्मन बंद पडली. दोनदा.
"क्लच लय वर धरता हो.
माझो पाय थंय पोचासर गाडी मागे येतली."
ओंकार म्हणाला, सवय होते.
शालन म्हणाली, सवयी माझ्या झाल्या सगळ्या.

फ्रेंच खड्ड्यांतून होडीसारखी गेली,
पोटातलं पाणी हललं नाही,
पण मागे तिसरी पेटी काही केल्या मावेना.
आडवी, उभी, शेवटी मांडीवर.
दशावताराच्या आठवड्यात माझ्याकडे पाच येतात दुरुस्तीला.

इटालियन आधी उभादांड्याच्या फादर लोबोंची.
डॅशबोर्डवर क्रूस होता तिथे क्रुसाएवढा काळा डाग,
बाकी सगळं उन्हानं पांढरं.
स्टिअरिंग जड. शालन दात आवळून वळवत होती,
पण वळण सुटताना गाडी अशी अलगद सरळ झाली
की माझ्या तोंडून "वा" गेलं, समेवर जातं तसं.
तिसऱ्या गिअरला मात्र एक टिकटिक.
टायमिंग बेल्ट, ओंकार पटकन म्हणाला. लगेच म्हणाला, नसेलही.
"तुमी गाडीत बसतास काय पेटीत?"
मी तिला बाजूला घ्यायला लावली, एसीच्या जाळीत चिमटा घातला.
जपमाळेचा एक मणी निघाला. लाकडी, गुळगुळीत.
टिकटिक गेली.

मग तिन्ही, पाळीपाळीनं, आमच्या पाणंदीत.
दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये फणसाचं मूळ.
जर्मन आरसे मिटून आली, कान पाडून.
फ्रेंच आली.
इटालियनला डाव्या बाजूला चार बोटं उरली,
शालननं उतरून बोटं घालून मोजली,
उजवीकडे नाही मोजली. का, ते नाही विचारलं.

"पार्ट कुठे मिळतात हिचे?"
"कोल्हापूरला," ओंकार म्हणाला. "मिळाले तर."

गाड्या परत सोडून आम्ही संध्याकाळची एसटी धरली.
एका खिडकीचा सूर दुसरीशी जुळेल तर शपथ.
शालन डोळे मिटून, उजवा पाय अधूनमधून दाबत.
ब्रेक, बहुतेक.
कुठली, मी विचारलं.
"बघूया," म्हणाली.
मणी माझ्या खिशात राहिला होता.
फादर आता मडगावला असतात म्हणे.