पाच वॅट

झोपताना बारा पूर्णांक सात,
पहाटे अकरा पूर्णांक नऊ.
मधल्या वेळात मी दिवा लावला नव्हता,
पंखा नाही, फ्रिज तर बंदच,
अंथरुणात पुस्तकसुद्धा उघडलं नव्हतं.
मग प्यायलं कोण?

गाडी अठ्ठ्याऐंशीची हायएस.
वेस्टपोर्टला डेस किलगोरकडून घेतली,
म्हणजे त्याच्या मुलीकडून. डेस तेव्हा गेलेला होता.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
इंजिनाचं मला कळतं. इंजिन कुरकुरतं, सांगतं.
ही सीटखालची दुसरी, घरची बॅटरी
काही बोलत नाही.
एके दिवशी नुसती उठत नाही.

टिपेने आला मीटर घेऊन.
लहानपणी माझ्याच बसमध्ये
करामेआच्या वळणांवर उलट्या करायचा.
आता मला शिकवतो:
"नायरी आंटी, शिशाची बॅटरी शंभराची असली
तरी खर्चायची पन्नासच.
उरलेली पन्नास असते, पण आपली नसते.
तळ गाठला की ती लक्षात ठेवते."
अशी माणसं मी ओळखते, म्हटलं.

सीट उचलली तर खाली
वायरींचा गुंता, आणि डेसचं अक्षर
कागदी चिकटपट्ट्यांवर:
पंप.
बहुतेक पंप.
हात लावू नये.
बॅटरीपाशी फ्यूज नाहीच.
टिपेने बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला,
"म्हातारा वीस वर्षं आगीशेजारी झोपत होता."

एकेक वायर काढायची, मीटर बघायचा.
पॉइंट चार. पॉइंट चार. पॉइंट चार.
मधेच दारातून वेका शिरला
आणि चकचकीत नट चोचीत धरून
झुडपात पळाला. त्याच्यामागे मी, एका पायात बूट.
परत आले तेव्हा टिपेने पलंगाखाली आडवा होता,
हातात "हात लावू नये",
आणि मीटरवर शून्य.

ती वायर प्लायवुडमागून जात होती
पलंगाखालच्या लहान कपाटात.
दार उघडलं की लागणारा दिवा, पाच वॅटचा.
त्याचं बटण एका लोकरी मोज्याखाली अडकलेलं,
दार लावलं तरी दिवा चालूच.
वरच्या फळीवर तपकिरी गोल उमटलेला,
खाली गळांची एक बरणी.
दिव्याखाली अंधार सगळ्यांनाच ठाऊक असतो;
इथे अंधाराच्या पोटात दिवा,
दिवसाला दहा अँपिअर-अवर खात,
किती वर्षं कोण जाणे, कुणासाठीच नाही.

नवी लिथियमची आहे. किंमत ऐकून मी पुन्हा चहा टाकला.
वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ सगळीच खर्चता येते,
पण गोठणाऱ्या थंडीत चार्ज करायची नाही,
आणि थेट अल्टरनेटरला जोडायची नाही:
इतक्या ओढीने पिते की तोच जळायचा.
म्हणून मधे एक चार्जर, मोजून देणारा.
आणि फ्यूज. वीतभर अंतरावर.

शेवटी टिपेनेने पक्कड धरली त्या दिव्याच्या वायरीला.
थांब, मी म्हटलं.
बटण नवं घाल.

काल नदीमुखाशी मुक्काम होता, खिडकीवर सँडफ्लाय.
झोपताना तेरा पूर्णांक तीन, पहाटे तेवढेच.
तरी रात्री एकदा उठले.
दार लावल्यावर दिवा खरंच विझतो का
हे बघायला दार उघडावंच लागतं,
आणि उघडलं की तो लागलेलाच असतो.
मीटर म्हणाला शून्य.
मी गुडघे टेकले, आणि फटीला डोळा लावला.